चुकलेली वाट आणि सोमवारची मीटिंग

नवऱ्याच्या ऑफिसचं ‘आउटडोअर ट्रेनिंग’ लेक डिस्ट्रिक्टमध्ये, अल्सवॉटर तलावाच्या काठी होतं. शेवटच्या दिवशी घरच्यांनाही बोलावलं होतं, म्हणून मुलाला घेऊन मीही गेले. पिंपांचा तराफा बांधून ऑफिसचा कारभार कसा सुधारणार, ही शंका मनात होतीच. या प्रकाराचं मूळ मात्र गमतीचं नाही. १९४१ साली, ऐन महायुद्धात, वेल्समधल्या एबरडोव्हीला कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांनी ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली, ती बुडत्या जहाजांवरच्या तरुण खलाशांचा समुद्रात निभाव लागावा म्हणून.

आम्ही ग्लेनरिडिंगहून लँटीज टार्न या छोट्या तळ्यापर्यंत चढलो. पाऊस, धुकं, आणि नकाशा नवऱ्याच्या हातात! तळ्यापासून ते झपाझप निघाले, आम्ही मागोमाग. उतरलो ते भलत्याच दरीत, ग्रिसडेलमध्ये. मग पॅटरडेलवरून डांबरी रस्त्यानं, भिजत परत.

चहा पिताना प्रशिक्षकानं विचारलं, “वाट चुकतेय असं कुणाला कधी वाटलं?” नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी हळूच म्हणाली, “तळ्यापाशीच. पण हे इतक्या खात्रीनं निघाले...”

मला माझा सांगलीचा आठवीचा वर्ग आठवला. इतिहास शिकवताना मी फळ्यावर एक सन चुकीचा लिहिला होता. वह्या तपासल्या तेव्हा सगळ्यांत तोच सन. एका मुलानं तर आधी बरोबर लिहिलेला खोडून माझा चुकीचा लिहिला होता. ते खोडरबराचे डाग अजून डोळ्यांसमोर आहेत.

परतल्यावर नवऱ्यानं ठरवलं, सोमवारच्या मीटिंगमध्ये आपण सगळ्यांत शेवटी बोलायचं. पहिले दोन सोमवार नुसती शांतता. (शिक्षक असते तर त्यांना सांगितलं असतं, ती शांतता सोसावी लागते.) तिसऱ्या सोमवारी तीच मुलगी म्हणाली, की ग्राहकाला कबूल केलेली तारीख जमणार नाही. तारीख दोन आठवडे पुढे ढकलावी लागली, आणि तसं ग्राहकाला यांनाच कळवावं लागलं.

त्या रात्री चेहरा उतरलेला होता. जेवताना मला म्हणाले, “मी नेहमीच इतक्या खात्रीनं बोलतो का गं?”

मी आमटी वाढत होते. उत्तर मुलानंच दिलं, “हो, बाबा.”