आडनावाची जागा

चरित्र लिहावयास बसलेल्या माणसाला पहिली ठेच कधीकधी नावाचीच लागते. बाळू पालवणकरांविषयी वाचू लागलो तेव्हा मला ती लागली. जुन्या धावफलकांत ते 'पी. बाळू' आहेत, त्यांचे धाकटे भाऊ 'पी. शिवराम' आणि 'पी. विठ्ठल'. बहुतेक खेळाडूंच्या नावाचे आद्याक्षर होते आणि आडनाव पूर्ण छापले जाते. या भावांच्या बाबतीत आडनावच एका अक्षरात आटले. यातून घाईने अर्थ काढू नये हे कळते, पण सूचीत शोध 'प'खाली घ्यावा की 'ब'खाली, येथूनच माझी अडचण सुरू झाली.

या वाटेला मी लागलो तो दलित आत्मकथने शिकवताना. दया पवारांचे 'बलुतं' 1978 चे. त्याच्या तीस वर्षे आधी, 1948 मध्ये, विठ्ठल पालवणकरांचे 'माझे क्रीडा-जीवन' प्रसिद्ध झाले होते. मी विद्यार्थी म्हणून शिकलो त्या कोणत्याही यादीत ते नव्हते. आपण त्याला खेळाचे पुस्तक म्हणून बाजूस ठेवले, आणि खेळवाल्यांनी ते जुने म्हणून. रामचंद्र गुहा यांच्या 2002 च्या इंग्रजी ग्रंथामुळे या भावंडांची कथा पुन्हा चर्चेत आली.

बाळूंचा जन्म 1876 चा, चांभार कुटुंबातला. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात ते महिना चार रुपयांवर मैदानाची राखण करीत आणि सरावाच्या जाळीत साहेबांना गोलंदाजी टाकीत. डावखुरी फिरकी तेथेच घोटली गेली. हिंदूंच्या संघाला ही गोलंदाजी हवी होती. गोलंदाज मात्र मैदानापुरताच हवा होता. चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या टाकाऊ पेल्यात चहा मिळे आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. 1920 मध्ये त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल निषेध म्हणून बाहेर पडले. विठ्ठल कर्णधार झाले ते 1923 मध्ये.

याच 1920 मध्ये अमेरिकेत रूब फॉस्टर यांनी कृष्णवर्णीय बेसबॉलपटूंची राष्ट्रीय लीग उभारली. गोऱ्यांच्या प्रमुख लीगांचे दार त्यांना बंद होते. ते उघडले 1947 मध्ये, जॅकी रॉबिन्सन यांच्यासाठी. त्यापूर्वीच्या खेळाडूंचा शोध घेणाऱ्यांनी जुन्या कृष्णवर्णीय साप्ताहिकांतून एकेक धावफलक वेचला. तेथेही अडचण नावाचीच होती. कोठे नुसते आडनाव, कोठे टोपणनाव. एकाच नावाची दोन माणसे. या चिकाटीचे फळ असे, की 2024 मध्ये ती आकडेवारी प्रमुख लीगांच्या अधिकृत नोंदीत सामील झाली, आणि जॉश गिब्सन 0.372 च्या सरासरीने कारकिर्दीच्या फलंदाजीत सर्वांच्या वर गेले. रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या तीन महिने आधीच ते वारले होते.

आमच्याकडे आकडे तुलनेने सुरक्षित राहिले: 33 प्रथम श्रेणी सामने, 179 बळी, सरासरी 15.21. हरवण्याजोगे होते ते मातीच्या पेल्याचे. धावफलकात त्याचा रकाना नसतो. आकडा हा न्यायाचा पुरावा खरा, पण अन्यायाचा पुरावा कोणीतरी मुद्दाम सांगितल्याशिवाय उरत नाही.

हे सारे मी कोरीटच्या घरी, सुट्टीत लिहीत होतो. बाळू ज्या बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरीला होते तिची वारसदार पश्चिम रेल्वे आमच्या नंदुरबारवरून जाते, एवढाच काय तो या कथेचा आमच्या मुलखाशी संबंध, असे मी समजत होतो. मग कपाटात माझी शाळकरी वही सापडली. गावातल्या सामन्यांचे धावफलक मी तीत लिहीत असे. माझे नाव दोन आद्याक्षरे आणि आडनावासह, ठसठशीत. आमच्या सर्वोत्तम गोलंदाजाचे नुसते पहिले नाव. तो पाड्यावरचा भिल्ल मुलगा. डाव संपला की आम्ही सारे आमच्या ओट्यावर पाणी पीत असू. आम्हांला तांब्या मिळे, त्याला ओंजळ. वरून धार धरण्याचे काम कित्येकदा माझेच असे. वहीत त्याची नोंद नाही, आणि पालवणकरांवर दोन वर्षे टिपणे काढतानाही मला ते आठवले नव्हते.

मी पाड्यावर गेलो. तो आता नातवंडांत रमलेला. मी आडनाव विचारले. त्याने सांगितले, जरा नवल वाटून. ते येथे छापण्याची परवानगी मी मागितली नाही. ओंजळीची गोष्ट मी अडखळत काढली, तेव्हा तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "वही आहे ना अजून? त्या शेवटच्या मॅचला मला किती विकेटा लिहिल्या?"

"सहा," मी म्हणालो.

"सातवा झेल तुमच्याकडून सुटला होता, सर. तेही लिहा."

त्याच्या घरच्या पेल्यातले पाणी पिऊन मी परतलो. रात्री वही उघडून त्याच्या नावापुढे आडनाव घातले, आणि खाली, जागा होती तेवढ्यात, सुटलेला झेल माझ्या नावासह लिहिला. ओंजळीचे लिहायला त्या पानावर जागा नव्हती. म्हणून हे टिपण.