परिचारिकेचा डबा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ उभा राहणारा. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे त्याचे चार गुण. मराठीत याच कामासाठी ‘परिचारिका’ हा शब्द रूढ झाला. त्याच्या मुळाशी ‘चर्’ हा धातू आहे. परिचारिका म्हणजे भोवती वावरणारी. एका शब्दात उभे राहणे आहे, दुसऱ्यात चालणे. बसून जेवणे दोहोंतही नाही. वर्गात शब्दांची फोड करून सांगण्यात आमची बरीच वर्षे गेली. तरी ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली, ती रुग्णालयातल्या लोखंडी स्टुलावर बसल्यानंतर.

वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ रात्री आम्ही त्यांच्या उशाशी होतो. वॉर्डात चाळीसेक खाटा आणि रात्रपाळीला दोन परिचारिका. तिसऱ्या रात्री अकराच्या सुमारास त्यांतल्या वयाने मोठ्या असलेल्या सिस्टरांनी टेबलाच्या कडेला डबा उघडला. पहिला घास मोडला असेल-नसेल, तोच आम्ही पुढे होऊन म्हणालो, “सिस्टर, बाबांची बाटली संपत आलीय.” बाटलीत निम्म्याहून अधिक सलाइन होते. ते आम्हाला दिसत होते. धीर तेवढा नव्हता. त्यांनी डब्याला झाकण लावले, हात धुतले, खाटेपाशी येऊन बाटली पाहिली. “अजून तासभर जाईल, काका,” एवढेच म्हणाल्या. परतताना त्यांना दुसऱ्या खाटेवरून हाक आली, मग अपघाताचा एक रुग्ण दाखल झाला. पहाटे तो डबा जसाच्या तसा पिशवीत गेला. मधल्या वेळात त्यांनी खाल्ले होते ते दोन पेढे, कुणा बऱ्या होऊन गेलेल्या रुग्णाच्या घरच्यांनी ठेवलेल्या खोक्यातले. आणि वर तीन वेळा चहा.

योगायोग असा, की आहार आणि स्त्रियांचे आरोग्य यांविषयी आधुनिक वैद्यकाला जे ठाऊक आहे, त्यातला मोठा वाटा परिचारिकांनीच पुरवलेला आहे. अमेरिकेत १९७६ साली ‘नर्सेस हेल्थ स्टडी’ सुरू झाला. १,२१,७०० परिचारिकांनी वर्षानुवर्षे प्रश्नावल्या भरून दिल्या. १९८०पासून त्यांत आहाराचेही प्रश्न आले. वनस्पती तुपासारख्या स्निग्धांचा हृदयविकाराशी असलेला संबंध उघड होण्यास त्या उत्तरांची मोठी मदत झाली. पाळ्या बदलत रात्री काम करण्याची वर्षे जितकी वाढतात, तितका मधुमेहाचा धोका वाढतो, हे २०११ साली याच अभ्यासाने दाखवले. रात्री शरीर साखर नीट हाताळू शकत नाही. सकाळी सहज पचणारा पेढा पहाटे तीनला रक्तातली साखर अधिक चढवतो. आपली कृतज्ञता मात्र अजून खोक्यातूनच येते, आणि तीही साजूक तुपातली.

पुढे थोडी ओळख झाल्यावर आम्ही शहाणपणाने म्हणालो, “तुम्हाला निदान व्यायाम तरी आपोआप होत असेल.” सिस्टर हसल्या. “दहा पावलं चालायचं आणि उभं राहायचं, पुन्हा दहा पावलं. याला व्यायाम म्हणत नाहीत, काका. पायाच्या शिरा फुगतात आणि पेशंट उचलून कंबर जाते.” रुग्णाला एकटीने न उचलता दोघींनी सरकवावे, मिळतील ती पाच मिनिटे पाय वर घेऊन बसावे, पोटऱ्या आणि पाठ ताणून मोकळी करावी, ड्यूटीबाहेर सलग अर्धा तास झपझप चालावे, हे सारे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. रात्रपाळीला निघण्यापूर्वी घरी पोटभर जेवावे, मध्यरात्री ताक, भाजलेले चणे, एखादे फळ असे हलके घ्यावे, पहाटेचा चहा टाळावा म्हणजे सकाळी झोप लागते, हेही. मधुमेही रुग्णांना घरी जाताना पथ्य सांगणे हे तर त्यांचे रोजचेच काम. ज्ञानाची उणीव नव्हतीच. उणीव होती वीस मिनिटांची, आणि त्या वीस मिनिटांत त्यांच्या जागी उभे राहणाऱ्या माणसाची. दोघींपैकी एक जेवायला बसली, की चाळीस खाटा एकीवर पडत.

ती जागा भरून काढणे रुग्णालयाचे काम आहे. तिसरी परिचारिका, बसायला एक खोली, डबा गरम करण्याची सोय यांना आमचा चांगुलपणा पर्याय होऊ शकत नाही. तरीही उरलेल्या रात्रींसाठी आम्ही चारपाच नातेवाइकांनी एक ठरवले : सिस्टर जेवायला बसल्या की खरी अडचण असेल तरच हाक मारायची, पाणी, चादर, उशी आपापसांत निभावून न्यायचे. सहा रात्रींपैकी चार रात्री डबा रिकामा झाला. दोन रात्री नाही. एकदा तर त्यांनी आठ नंबरच्या आजींजवळ बसून सकाळ केली, आणि तेव्हा जेवणाचे नाव काढण्याची आमची प्राज्ञा नव्हती.

घरी जायच्या आदल्या रात्री शेजारच्या खाटेवर नवा रुग्ण आला. अकराच्या सुमारास त्याचा मुलगा धास्तावून टेबलाकडे निघाला. टेबलावर डबा उघडा होता. आम्ही उठून त्याला थांबवले, त्याच्यासोबत खाटेपाशी गेलो, बाटली पाहिली आणि म्हणालो, “अजून तासभर जाईल. तोवर बसा.” तो बसला. आम्हीही त्याच्याजवळ बसून राहिलो, टेबलावरच्या डब्याचे झाकण लागल्याचा आवाज येईपर्यंत.