आता मी झाडाचं मूळ गाव आधी विचारत नाही

छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या पुंडलिकनगरात मला ओळखणाऱ्यांना माझा एक आग्रह ठाऊक आहे: झाड लावायचं तर देशीच लावा. पावसाळ्याआधी गल्लीत वृक्षारोपणाचा विषय निघाला की मी कडुनिंब, बहावा, करंज, आपटा यांची नावं पुढे करायचे आणि गुलमोहर, बोगनवेल, अरेका पाम यांना विरोध करायचे. काहींनी माझं ऐकून कुंड्याही बदलल्या. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ज्यांना मी ते पटवलं, त्यांना ते का बदललं हेही मीच सांगायला हवं.

आधी जुन्या मताची बाजू सांगते, कारण त्यातला मोठा भाग मला अजूनही खरा वाटतो. गाजरगवत आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं आणि बघता बघता देशभर पसरलं. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, परागकणांनी दम्याचा त्रास वाढतो, शेतातलं पीक दबतं. घाणेरी तर इंग्रजांच्या काळात बागेतलं शोभेचं फूल म्हणून आली आणि रानात शिरली. तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही. वेडी बाभूळ गायरानं गिळते. ही उदाहरणं डोळ्यांसमोर असताना परकं ते धोक्याचं असं वाटणं साहजिक होतं.

मग गल्लीतल्या परक्या झाडांची यादी करायला घेतली. आपल्या म्हणण्याला पुरावा जोडावा, एवढाच हेतू होता. गुलमोहर कुठला, तर मादागास्करचा. सदाफुली मादागास्करची. पानफुटी तिथलीच. बैठकीच्या खोलीत ठेवतात तो अरेका पाम, गच्चीच्या कठड्यावरचा तांबड्या फुलांचा काटेरी युफोर्बिया, हेही तिथलेच. वीस बाय तीसच्या प्लॉटांच्या आमच्या वसाहतीत एका बेटाच्या एवढ्या वनस्पती नांदत होत्या आणि मला त्या बेटाबद्दल जवळपास काहीच माहीत नव्हतं. म्हणून वाचायला लागले.

मादागास्कर आफ्रिकेच्या आग्नेयेला आहे. त्याचं दक्षिण टोक मकरवृत्ताच्याही खाली जातं. तो भाग कोरडा, काटेरी झुडपांचा. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी हे बेट आणि आपला भूखंड एकमेकांपासून सुटले. तेव्हापासून ते एकटं राहिलं, म्हणून तिथल्या दहांपैकी आठ वनस्पती जगात इतरत्र नैसर्गिकरीत्या सापडत नाहीत. गुलमोहर तिथून मॉरिशसला नेला तो वेन्झेल बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञाने, आणि त्याचं शास्त्रीय वर्णन १८२९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे तो उष्ण कटिबंधातल्या शहराशहरांत पोहोचला. साताऱ्यात तर दर १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो. हा गुलमोहर घाणेरीसारखा रानात घुसलेला मला आमच्या भागात कुठे दिसला नाही. लावला तिथेच तो उभा राहतो. गाजरगवताचा राग मी त्याच्यावर काढत होते, त्याला आधार नव्हता.

पण माझं मत खऱ्या अर्थाने हललं ते त्याच बेटाच्या दक्षिण टोकाची हकीकत वाचून. अँड्रॉय नावाच्या त्या कोरड्या प्रदेशात फ्रेंचांनी अठराव्या शतकात अमेरिकेतलं निवडुंग आणलं. पुढच्या दीडेकशे वर्षांत तिथल्या पशुपालकांचं जगणंच त्यावर उभं राहिलं. उन्हाळ्यात गुरांची भूक आणि तहान त्या रसाळ फड्यांवर भागायची, माणसं बोंडं खायची, गावाभोवती त्याचंच कुंपण असायचं. १९२४ मध्ये निवडुंगावर जगणारे कोशिनील किडे बेटावर आणले गेले आणि थोड्याच वर्षांत निवडुंगाची ती रानंच्या रानं वाळून गेली. गुरं मेली, दुष्काळ पडला, कितीतरी माणसांना प्रदेश सोडावा लागला.

जवळजवळ त्याच सुमारास, १९२६ मध्ये, श्रीलंकेतून आणलेले कोशिनील किडे दक्षिण भारतात सोडले गेले. इथे फड्या निवडुंगाने शेतं आणि कुरणं व्यापली होती. ती मोकळी झाली आणि शेतकऱ्यांचा फायदा झाला. निवडुंग दोन्हीकडे परकंच होतं, किडेही एकाच जातकुळीचे होते. तरी इथे सुटका झाली आणि तिथे उपासमार. कारण तिथली माणसं आणि गुरं त्या झाडावर जगत होती, इथली जगत नव्हती. परकं आहे म्हणून काढा, असं सरसकट म्हणण्याचा माझा धीर तिथे संपला.

सदाफुलीचं प्रकरण त्याहून जवळचं आहे. नात्यातल्या एका लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा उपचारांच्या कागदावर विनक्रिस्टिन हे नाव मी वाचलं. हे औषध सदाफुलीतून मिळतं. १९५० च्या दशकात कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे जमैकाहून सदाफुलीची पानं आली. तिथले लोक मधुमेहावर तिचा काढा घेत. प्रयोगात साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्यावरून नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी विनब्लास्टिन वेगळं केलं, पुढे अमेरिकेत विनक्रिस्टिन हाती आलं. मुलांच्या ल्युकेमियावर ते आजही मुख्य औषधांपैकी एक आहे. या औषधाचा ग्रॅमभर अंश काढायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, म्हणून साखरेसाठी घरी सदाफुलीची पानं-फुलं चावून खाणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, तसं करू नका. ती वनस्पती विषारी आहे, तिचं औषध डॉक्टरांच्या हातूनच घ्यायचं असतं. मात्र कुंडीतून तिला उपटून टाका, असं मी आता कुणालाही सांगणार नाही.

मग घरातल्या ताटाकडेही नीट पाहिलं. ज्वारी आणि बाजरी काही हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. मिरची, टोमॅटो, बटाटा, शेंगदाणा, पेरू, पपई हे सगळं अमेरिकेतलं. आपल्या मातीतली म्हणावी ती तूर, मूग, उडीद, तीळ, वांगं. दौलताबादच्या डोंगरावर कुणीही पाणी न घालता वाढणारं सीताफळ मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. बी कुणी पेरलं आणि रोप आपोआप कुठे रुजलं, यातली सीमा डोंगरावर सीताफळाने केव्हाच ओलांडली आहे.

देशी म्हटलं की प्रश्न सुटतो, हेही खरं नाही. आमच्या वसाहतीत प्लॉट लहान, रस्ते अरुंद. अशा जागी वड किंवा पिंपळ भिंतीलगत लावला तर मुळं पाया आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये शिरतात, आणि मोठं झालेलं झाड शेवटी तोडावं लागतं. सप्तपर्णी भारतातलीच, पण जास्त पावसाच्या रानातली. रस्तोरस्ती लावल्यावर फुलण्याच्या दिवसांत तिच्या उग्र वासाने लोक हैराण होतात. आपल्याकडे वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने. जायकवाडी धरणातून येणारं ते पाणी पिण्यासाठी साठवायचं की रोपाला घालायचं, हा इथल्या प्रत्येक घरातला प्रश्न आहे. सावली हवी, फांद्या तारांत नकोत, पाणी कमी लागावं. गल्लीतल्या झाडाची परीक्षा या गोष्टींवर व्हायला हवी होती, आणि मी ती जन्मस्थळावर घेत होते.

सगळ्यात जास्त मला बोचलं ते वेगळंच. गल्लीच्या टोकाला मोकळा प्लॉट आहे. पाऊस पडला की तिथे केणा, आघाडा, तरोटा, मारवेल, कुसळी उगवतात. कडेला रुई आहे. तिच्या पानांवर केशरी-काळी फुलपाखरं अंडी घालतात, शनिवारी मारुतीला तिच्याच पानांची माळ घालतात, आणि आघाडा हरतालिकेला शोधत फिरावं लागतं. रोपवाटिकेतून देशी रोपं विकत आणण्याचा आग्रह धरणारी मी, हा प्लॉट जेसीबीने खरवडून स्वच्छ झाला की समाधानी व्हायचे. इथल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशाच, पायाखाली तुडवल्या जाणाऱ्या कितीतरी वनस्पती आहेत. देशीपणा वाचवायचाच असेल तर तो पहिल्यांदा या प्लॉटवर वाचतो, आणि तोही एक रुपया खर्च न करता.

म्हणजे सगळंच चालतं, अशी माझी भूमिका झालेली नाही. घाणेरी, वेडी बाभूळ, सुबाभूळ लावायला माझा विरोध कायम आहे, कारण ती लावलेल्या जागी थांबत नाहीत. मोठं मैदान, टेकडी, शाळेचं आवार असेल तर मी आजही कडुनिंब, पळस, बहावाच सुचवीन, कारण इथल्या पक्ष्या-किड्यांशी त्यांचं नातं जुनं आहे. पण गल्लीतला उभा गुलमोहर तोडून तिथे बहाव्याचं रोप लावा, असं आता म्हणणार नाही. मे महिन्यात हातगाडीवाल्याला आणि रिक्षावाल्याला सावली देण्याएवढा बहावा व्हायला वर्षं जातील. गुलमोहराच्या ठिसूळ फांद्या वादळात मोडतात, म्हणून रीतसर परवानगी घेऊन पावसाआधी त्या छाटाव्यात, एवढंच पुरे.

यंदा रोप आणताना तीन गोष्टी विचारा, अशी माझी विनंती आहे. हे लावलेल्या जागी राहील का? आपल्याकडच्या पाण्यावर जगेल का? याच्यावर कोण जगेल: माणूस, पाखरू, फुलपाखरू? मूळ गाव त्यानंतर विचारा. आणि गल्लीच्या टोकाचा मोकळा प्लॉट पावसाळा संपेपर्यंत खरवडू नका. तिथलं गाजरगवत तेवढं फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा.