संतांनी विचारलेला प्रश्न

गळ्याने साथ सोडली आणि उभे राहून कीर्तन करणे थांबले. आता श्रवण उरले आहे, आणि नवविधा भक्तीत त्याचा क्रम पहिला आहे, म्हणून तक्रार नाही. या श्रवणात हरिपाठाबरोबर रेडिओही येतो. आकाशवाणीवर एखाद्या कवीची मुलाखत लागली की मी सगळे बाजूला ठेवून ऐकतो. आमचे एक जुने टाळकरी विचारतात, ‘बुवा, कविता ऐकावी, कवीच्या प्रपंचाशी आपल्याला काय करायचे?’

याचे उत्तर आपल्याच घरात आहे. तुकोबारायांचा आत्मचरित्राचा अभंग आठवा. आपल्याविषयी बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारले म्हणून सांगतो, असे महाराज आरंभीच म्हणतात. म्हणजे तो अभंग प्रश्नाचे उत्तर आहे. विचारणारे होते, म्हणून आपल्याला तो मिळाला.

आणि उत्तर कसे दिले, तेही पाहा. आईवडील गेले. दुष्काळात द्रव्य आटले, मान गेला. एक पत्नी अन्न अन्न करत गेली. व्यवसायात तूट आली. मग भंगलेले देऊळ नीट करावेसे वाटले. एकादशीला कीर्तन सुरू केले, पण आधी अभ्यासात चित्त नव्हते. संतांची काही वचने पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले. कवित्वाची स्फूर्ती झाली ती या सगळ्यानंतर. वह्या बुडवल्याचे दुःख एका ओळीत, नारायणाने समाधान केल्याचे सुखही तेवढ्यातच. आम्ही कीर्तनकार ज्या प्रसंगावर तासभर रंगतो, तो महाराज झटकन आवरतात. पाठांतर कसे केले, ध्रुपद कसे धरले, हे मात्र आवर्जून सांगतात. शेवटी म्हणतात, विस्ताराने सांगू गेलो तर उशीर होईल, आता पुरे. रेडिओवरच्या घड्याळापुढे बसलेल्या कवीलाही असेच आवरते घ्यावे लागते!

चांगली मुलाखत मी याच मापाने मोजतो. विचारणारा पुरस्कारांची यादी वाचत बसला तर कवीही सभेतले बोल बोलतो. पण पहिला शब्द कानावर कुठे पडला, लिहिलेले पहिल्यांदा कोणाला दाखवले, घरात कोणाला ते आवडले नाही, असे विचारले की आवाज बदलतो. रेडिओवर चेहरा दिसत नाही, म्हणून तो बदल लपत नाही. पुष्कळ कवी आईच्या जात्यावरच्या ओव्यांचे नाव घेतात आणि क्षणभर थांबतात. ते थांबणे छापील मुलाखतीत सापडत नाही. बा. भ. बोरकर आणि मंगेश पाडगावकर यांच्यासारखे कवी तर आकाशवाणीत नोकरीलाच होते. ध्वनिक्षेपकापुढचा अबोला म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागले नसेल.

आता विचारायचे राहून गेले तर काय होते? मुंबईत रेडिओ १९२७ साली आला. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. मधली चोवीस वर्षे त्या शेतात आणि जात्यावर गात होत्या. लिहिता येत नव्हते. मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने टिपून ठेवले तेवढे राहिले, आणि १९५२ साली पुस्तक निघाले. शब्द वाचले, पण तुम्हाला हे कसे सुचते, असे विचारून त्यांचे उत्तर त्यांच्याच आवाजात कोणी धरून ठेवले नाही. शिऊरच्या संत बहिणाबाईंनी अखेरच्या दिवसांत आपल्या पूर्वजन्मांची हकिकत मुलाला सांगितली, म्हणून ती अभंगांत आली. ऐकणारा जवळ बसलेला होता.

माउली, तुमच्या दिंडीत असा कोणी म्हातारा विणेकरी असेल, ज्याच्या चाली कुठल्याही वहीत नाहीत. घरात जात्यावरच्या ओव्या येणारी आजी असेल. रेडिओवाले त्यांच्यापर्यंत येतील याची वाट पाहू नका. आता प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये ध्वनिमुद्रण होते. मुक्कामावर पाय चेपता चेपता विचारा, ही चाल कोणाकडून घेतली? तेव्हा घरी काय चालले होते? ते आधी म्हणतील, माझे काय सांगायचे. तुकोबारायही तसेच म्हणाले होते. तुम्ही उठू नका, बसून राहा.