सरासरी आणि सरसरी

उर्दूत आपण ज्याला 'औसत' म्हणतो, त्याला मराठीत 'सरासरी' म्हणतात. उर्दूत 'सरसरी' असाही एक शब्द आहे. सरसरी नजर टाकणे म्हणजे वरवर पाहणे. दोन्ही शब्द फारसीतून आलेले. कानाला सख्ख्या बहिणींसारखे वाटतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा. मराठी शिकवताना मला या जोडीची मोठी गंमत वाटते.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने विचारले, "आपा, मला पन्नास-पंचावन्न टक्केच पडतात. मी नर्स झाले, तरी सरासरीच राहीन. चालेल का?" मुले हसली. मला हसू आले नाही, कारण मीही सरासरीच शिक्षिका आहे. बी.एड.ला मला द्वितीय श्रेणी मिळाली. फळ्यावर मी गाय काढली, तर मुले तिला बकरी म्हणतात. आमच्या शाळेतले एक सर गोष्ट सांगू लागले, की शिपाईसुद्धा दारात थबकतो. माझ्या तासाला असे कधी होत नाही.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात उन्हाळ्यात तेंदूपाने तोडतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. एखादी बाई दिवसात पुष्कळ पुडे बांधते, दुसरीचे तेवढे होत नाहीत. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण पुडा कोणीही बांधो, त्यात ७० पाने हवीत. हात सावकाश चालला तरी चालतो, मोजणी चुकली तर चालत नाही.

याहून मोठे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातच घडले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. खेड्यांत तान्ही बाळे न्यूमोनियाने दगावत. डॉक्टर दूर, रस्ते कच्चे. दोन महिन्यांच्या आतले बाळ एका मिनिटात ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर धोका समजायचा. पण बाळंतपण करणाऱ्या अनेक सुईणींना साठपर्यंत मोजता येत नव्हते. मग त्यांच्यासाठी एक साधे साधन तयार झाले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, की बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून उपचार करायचे.

पुढे संस्थेने ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. त्यांना 'आरोग्यदूत' म्हणत. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे, गरज पडल्यास इंजेक्शन देणे, ही कामे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या इतर गावांच्या मानाने, या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेऊ लागल्या, त्याचे मूळ इथे आहे.

त्या स्त्रियांनी हुशार डॉक्टर येण्याची वाट पाहिली असती, तर ती बाळे वाचली नसती. त्या शाळेत पहिल्या आल्या होत्या का, हे कोणत्या आईने विचारले असेल? उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर मात्र मी नक्कीच चांगल्यात चांगला सर्जन शोधीन. तेव्हा सगळ्या कामांना एकच माप लावता येणार नाही. त्या मुलीला मी एवढेच म्हटले, "बेटा, सरासरी राहिलीस तरी चालेल. सरसरी होऊ नकोस."

मी स्वतः काय मोजते, असे तुम्ही विचाराल. मी 'ळ' मोजते. आपल्या उर्दूत हे अक्षर नाही, म्हणून मुले 'शाळा'ऐवजी 'शाला' लिहितात. गोष्ट मला रंगवून सांगता येत नाही, पण वही पहिली असो की शेवटची, मी प्रत्येक 'ळ' तपासते. तरीही 'झाडाचे मूल जमिनीत असते' हे वाक्य दरवर्षी दोन-तीन वह्यांत सापडतेच.