रेवाडीचे इंजिनघर

दिल्लीच्या नैर्ऋत्येस सुमारे ८० किलोमीटरवर, हरियाणात, रेवाडी हे शहर आहे. खांडव्याहून इंदूर, रतलाम, अजमेर असा उत्तरेकडे जाणारा जुना मीटरगेज लोहमार्ग येथवर येत असे. म्हणून माळव्यातील आपल्या वडीलधाऱ्यांना हे नाव परके वाटणार नाही. येथील इंजिनांची शेड १८९३ सालची. ब्रॉडगेजवरील वाफेच्या गाड्यांचा नित्याचा काळ १९९५ साली संपला. पुढे या शेडीचे संग्रहालय झाले. परंतु येथली इंजिने नुसती रंग देऊन मांडलेली नाहीत. ती चालती ठेवण्याची येथे खटपट असते.

त्यांतील ‘अकबर’ हे १९६५ साली चित्तरंजनच्या कारखान्यात घडलेले. त्याच्या बॉयलरात दर चौरस इंचास २१० पौंड दाबाची वाफ साठते. वाचकहो, आपल्या घरातील तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी! इंजिनाचा बॉयलर असाच. मात्र एका नळीऐवजी कित्येक नळ्या, आणि त्यांतून भट्टीची ऊन हवा खेळते. बंबात पाणी घालण्यास विसरून विस्तव टाकला, तर डाक सुटतो. हाच अनुभव इंजिनात शहाणपणाने उपयोगी आणला आहे. भट्टीच्या छतास शिसे भरलेले बूच असते. पाणी छताखाली उतरले की शिसे वितळते, वाफ भट्टीत घुसते आणि संकटाची सूचना मिळते.

पाण्यातील क्षार हा बॉयलरचा दुसरा शत्रू. त्याचा थर साचला म्हणजे उष्णता पाण्यास पोचत नाही व पत्रा तापून दुबळा होतो. म्हणून ठरलेल्या मुदतीने इंजिन थंड करून, खालची झाकणे उघडून, जोराच्या धारेने पोट धुवावे लागते. भट्टीचे दोन पत्रे ज्या असंख्य खिळ्यांनी जखडलेले असतात, त्यांवर कारागीर हातोडीने ठोकून कान देतो. धड खिळा खणखणतो. तुटलेला बद्द वाजतो. मोठ्या दुरुस्तीनंतर बॉयलर काठोकाठ पाण्याने भरून नेहमीपेक्षा अधिक दाब देतात. पाणी दाबाखाली फारसे आकसत नाही; म्हणून पत्रा फाटलाच, तरी वाफेसारखा स्फोट होत नाही.

अग्नी पेटविण्यातही घाई चालत नाही. थंड इंजिनास वाफ धरण्यास कित्येक तास लागतात. एकदम जाळ केला, तर पत्रे व नळ्या कमीजास्त फुगून सांधे गळू लागतात. आणि एखादा भाग निकामी झाला, तर तो बाजारात मिळत नाही. जुन्या नमुन्यावरून नवा ओतून कातावा लागतो.

लोखंड तर पुन्हा ओतता येईल. पण बद्द वाजणारा खिळा ओळखणारा कान कोणत्या साच्यात ओतावा? ज्यांनी रोजच्या चाकरीत ही विद्या मिळविली, ते कारागीर एकामागून एक निवृत्त झाले. पुस्तकात दाबाचे आकडे सापडतात, हातोडीचा नाद सापडत नाही. तो जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच शिकावा लागतो. म्हणून रेवाडीस कधी जाणे झाले, तर मुलांना इंजिन जरूर दाखवा. पण त्याच्या पोटाशी वाकून ऐकणारा कारागीरही दाखवण्यास विसरू नका.