हस्तिदंती पाहुणी

जूनमध्ये चार दिवस नेपल्सला जाऊन आलो. धाकटा भाऊ तिथे नोकरीला असतो. निघताना आईने चकल्यांचा डबा हाती दिला आणि बजावले, "परत कधी येणार, ते विचारूनच ये."

शहर उन्हाने तापलेले. गल्ल्यांत डोक्यावर धुणी वाळताहेत, खाली स्कूटरींचा धुडगूस. थेट गिरगावच! एक दिवस पाँपेई पाहिले, इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसने गाडलेले. फरसबंद रस्त्यांत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खाचा अजून आहेत. इतकी वर्षे वर्गात 'चाकोरी' शिकवली. पायाखाली आली ती तिथे.

१९३८ साली तिथल्या एका घरात सापडलेली हस्तिदंती स्त्री आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. उंची वीतभराहून थोडी अधिक, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दासी. लोक तिला लक्ष्मी म्हणतात. जाणते म्हणतात, यक्षी असावी. आपल्या तेरला मिळालेली हस्तिदंती मूर्ती हिच्याच वळणाची, म्हणून हिचे माहेर दख्खनचे असावे असे काहींना वाटते. बिचारीला ठेवले आहे मात्र रोमनांच्या शृंगारिक वस्तूंच्या दालनात! आम्ही दोघे भाऊ छताकडे पाहत आत शिरलो.

तिच्यापुढे तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, हिला पाठवणाऱ्याने ही परत येईल असं धरलं असेल का रे?"

आईचा प्रश्न ओठांवर होता, तो तसाच गिळला.

"डबा उघडलास का?" मी म्हटले. "चकल्या मऊ पडतील."